अस्सल आणि नक्कल : जुन्या स्लाइडी स्कॅन करतांना फाइल कोणत्या प्रकारची घ्यावी

दिवाळीपूर्वीं घर झाडतांना माळ्यावरून जें सामान खालीं येतें, त्यांत कांहीं शेतकरी कुटुंबांत एखादा पत्र्याचा डबा निघतो, आणि त्या डब्यांत दोन इंच चौरस पुठ्ठ्याच्या वा प्लॅस्टिकच्या चौकटींत बसविलेले फिल्मचे लहान लहान तुकडे असतात. उजेडासमोर धरले म्हणजे त्यांत घरचीं माणसें, बैलजोडी, खळें, विहिरीचें खोदकाम असें कांहीं दिसूं लागतें. घरांत पूर्वीं कोणी शेतकी खात्यांत, पाटबंधारे खात्यांत अथवा शाळेंत नोकरीस असेल तर अशा स्लाइडी सांपडण्याचा संभव अधिक. कारण कीड, खतें व सुधारलेलीं बियाणीं यांचीं चित्रें पडद्यावर मोठीं करून दाखविण्याची एके काळीं हीच रीत होती. आतां पडदा गेला व तें यंत्रही गेलें. म्हणून मंडळी त्या शहरांत नेऊन संगणकावर उतरवून, म्हणजे स्कॅन करून, घेतात. या कामीं दुकानदार जो प्रश्न सहसा विचारीत नाहीं व गिऱ्हाइकासही जो सुचत नाहीं तो असा कीं, फाइल कोणत्या प्रकारची हवी ? या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यानें माझें जें नुकसान झालें तें भरून येण्यासारखें नाहीं. सबब हा विषय थोडा विस्तारानें मांडीत आहें.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला आहे. संगणकाचें शास्त्र मी शिकलेलों नाहीं. परंतु नोकरीचीं बरींच वर्षें जुन्या दप्तरांतून नकला देण्यांत व त्यांची मूळाशीं रुजवात घेण्यांत गेलीं, आणि या विषयाचें मर्म मला त्या दप्तरांतल्याच दोन शब्दांत सांपडलें : अस्सल आणि नक्कल.

प्रथम स्लाइड म्हणजे काय तें पाहूं. साध्या फोटोंत कॅमेऱ्यांतल्या फिल्मवर उलट चित्र उमटतें, त्यास निगेटिव्ह म्हणतात, व त्यावरून कागदावर हवे तितके फोटो काढतां येतात. कागद फाटला तरी निगेटिव्ह शिल्लक असते. स्लाइडचें तसें नाहीं. कॅमेऱ्यांत जी फिल्म घातली होती, तीच धुऊन सुलट चित्र होऊन चौकटींत बसते. तिच्यामागें दुसरें कांहीं नसतें. म्हणजे स्लाइड हेंच अस्सल. तिचें चित्र अवघें छत्तीस मिलिमीटर लांब व चोवीस मिलिमीटर रुंद. पण त्या दोन बोटांच्या जागेंत केवढें सूक्ष्म काम भरलेलें असतें हें भिंगाखालीं धरल्याशिवाय कळत नाहीं.

हें अस्सल मात्र टिकाऊ नाहीं. फिल्मवरचा थर सरसाचा, म्हणजे जिलेटिनचा असतो, आणि तें बुरशीचें आवडतें खाद्य. पावसाळ्यांत दमट माळ्यावर राहिलेल्या स्लाइडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी पसरते ती ह्यामुळें. रंगही उडतात. अमेरिकेची कोडाक्रोम फिल्म अंधारांत ठेवली तर रंग फार वर्षें धरून राहते. पण आपल्याकडे त्या काळीं पूर्व जर्मनीची ऑर्वो फिल्म पुष्कळ चाले, व तिच्या स्लाइडी आज बहुधा तांबूस वा जांभळट झालेल्या आढळतात. नवी कोडाक्रोम आतां मिळत नाहीं. ती बनविणें २००९ सालीं बंद झालें, आणि ती धुऊन देणाऱ्या शेवटच्या कारखान्यानें, जो अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत होता, ३० डिसेंबर २०१० नंतर रीळ घेणें थांबविलें.

आतां माझी हकीकत. माझे मामा शेतकी खात्यांत पैठण तालुक्यांत होते. त्यांस कॅमेऱ्याचा नाद. १९७२ च्या दुष्काळांतल्या खडी फोडण्याच्या कामांवरचे मजूर, आटलेल्या विहिरी, छावणींतलीं जनावरें, आणि पुढें जायकवाडीच्या पाण्याखालीं गेलेल्या गोदाकांठच्या एका गांवाचे पार, घाट व मळे असें पुष्कळ त्यांनीं टिपून ठेविलें होतें. (जायकवाडीची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें बसली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांनीं धरणाचें उद्घाटन केलें, मामांचीं चित्रें या दोहोंच्या मधल्या काळांतलीं.) मामांच्या पश्चात् दोन डबे मजकडे आले, मोजून दोनशें चौदा स्लाइडी. २००९ सालीं मीं त्या शहरांतल्या एका दुकानांत दिल्या. आठ दिवसांनीं दुकानदारानें सर्व स्लाइडी व एक चकती परत केली. चित्रें संगणकावर सुरेख दिसलीं. मीं समाधानानें डबे माळ्यावर टाकले आणि विसरलों.

पुढें दहा वर्षांनीं त्या बुडालेल्या गांवच्या एक वृद्ध बाई आमच्या घरीं आल्या. त्यांचे वडील दुष्काळी कामावर होते व धरण भरण्यापूर्वींच वारले. त्यांचा एकही फोटो घरांत नाहीं. मामांनीं त्या कामावरच्या टोळीचें चित्र घेतल्याचें त्यांस ठाऊक होतें. चकती लाविली. चाळीस माणसांची टोळी उभी. बाईंनीं बोट ठेवून सांगितलें, फेटा बांधलेले, डावीकडून सहावे. मीं चित्र मोठें करूं लागलों, तों चेहऱ्याच्या जागीं चार मातकट चौकोन दिसले. डोळा नाहीं, मिशी नाहीं. मग माळ्यावरचा डबा काढला. त्यावर मधल्या काळांत पाणी गळलें होतें. दोनशें चौदांपैकीं एकशें आठ स्लाइडी बुरशीनें खाल्लेल्या, आणि ती स्लाइड त्यांतच होती.

चौकोन कां दिसले तें समजण्यास थोडा हिशेब करावा लागतो. संगणक चित्र ओळखीत नाहीं, आंकडे ओळखतो. स्कॅनर स्लाइडचे उभे आडवे बारीक ठिपके पाडतो व प्रत्येक ठिपक्यास तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांचे तीन आंकडे लिहितो. एका इंचांत चार हजार ठिपके या मापानें स्कॅन केल्यास लांबीकडून ५६६९ व रुंदीकडून ३७८० ठिपके येतात. गुणाकार सुमारें २ कोटी १४ लाख. ठिपक्यास तीन आंकडे व आंकड्यास एक बाइट जागा धरली तर फाइल ६ कोटी ४३ लाख बाइटांची, म्हणजे सुमारें ६४ मेगाबाइटची होते. माझ्या चकतीवरचीं चित्रें लांबीकडून अवघ्या १०२४ ठिपक्यांचीं होतीं. सगळे मिळून सात लाख. तीस खंडी माल मोजून घ्यावयाचा तेथें दुकानदारानें एक खंडी दिला, आणि मीं तो गोड मानून घेतला. टोळीच्या चित्रांत एकेक चेहरा फिल्मवर जेमतेम अर्धा मिलिमीटर. चार हजारांच्या मापानें त्यास आडवे सुमारें ऐंशी ठिपके मिळाले असते. माझ्या फाइलींत मिळाले चौदा.

परंतु ठिपके कमी एवढेंच कारण नव्हे. ते चौदा ठिपकेही जसेच्या तसे लिहिले गेले नव्हते. कारण फाइल जेपेग प्रकारची होती, व खरा विषय येथूनच लागतो.

जेपेग ही चित्र थोडक्या जागेंत लिहिण्याची रीत १९९२ सालीं प्रमाण ठरली. तींत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनांतले चौसष्ट आंकडे तसेच न लिहितां, त्यांत उजेड सावकाश किती बदलतो व झरझर किती बदलतो याचा हिशेब काढतात, आणि झरझर बदलाचे आंकडे मोडून ठोकळ करतात. पुष्कळ तर शून्यच धरतात. मनुष्याची दृष्टि उजेडाचा फरक जितका ओळखते तितका रंगाचा ओळखीत नाहीं, म्हणून रंग आणखी ढोबळ लिहितात. शेतकरी वाचकांस हें चटकन् कळावें म्हणून सांगतों : पीकपाहणी करणारानें बांधावरूनच पाहून ‘सर्व गटांत कापूस’ असें लिहावें, आणि मधल्या तुरीच्या ओळी कागदावरून नाहींशा व्हाव्यात, तसा हा प्रकार. दुरून पाहणारास कागद बिनचूक वाटतो. तूर ज्याची त्यालाच फरक कळतो.

ही युक्ति मात्र मोठ्या बुद्धीची आहे, हें कबूल केलें पाहिजे. तिच्या मुळाशीं जें गणित आहे तें बंगळूर येथें जन्मलेले नासिर अहमद यांनीं टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. त्या वेळीं अहमद हे कॅन्सस राज्य विद्यापीठांत होते. कोडाक्रोम धुण्याचें काम ज्या प्रांतांत शेवटीं बंद पडलें, त्याच प्रांतांत हें गणित तयार झालें, हा योगायोग मला नेहमीं गमतीचा वाटतो. या गणितावांचून मोबाइलवर फोटो धाडणें आज शक्य झालें नसतें. दोष जेपेगचा नाहीं. नक्कल म्हणून ती उत्तम आहे. दोष तिला अस्सल समजण्यांत आहे.

दुसरी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जेपेग फाइल उघडून तींत थोडा बदल केला, उजेड वाढविला, कड कापली, आणि पुन्हां जेपेगमध्यें ठेविली, कीं तो ठोकळ हिशेब पहिल्या ठोकळ हिशेबावर पुन्हां होतो. ही नकलेवरून नक्कल. आमच्या दप्तरांत अस्सलावरून उतरलेल्या कागदावर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असें लिहीत. नकलेवरून उतरलेल्या कागदास तें लिहिण्याची कोणाची छाती होत नसे. एक गैरसमज मात्र दूर करतों. फाइल नुसती एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेली अथवा उघडून पाहिली तर कांहींच झिजत नाहीं. झीज बदल करून पुन्हां जतन करण्यांत होते.

यावर उपाय टिफ नांवाचा प्रकार. तो अमेरिकेंतील आल्डस कंपनीनें १९८६ सालीं काढला, आणि १९९२ सालापासून त्याचें मुख्य स्वरूप बदललेलें नाहीं; ही स्थिरता त्याचा मोठा गुण होय. टिफमध्यें प्रत्येक ठिपक्याचा आंकडा जसा मोजला तसा लिहितां येतो. जागा वांचविण्यासाठीं एलझेडडब्ल्यू नांवाची घडी घालतां येते, पण ती सतरंजीची घडी. उलगडली कीं सतरंजी पूर्वींइतकीच. मोठमोठीं ग्रंथालयें व संग्रहालयें जतन करावयाची प्रत टिफमध्यें ठेवितात ती याच कारणानें. (टिफच्या पेटींत जेपेगचा माल भरण्याचीही सोय आहे, म्हणून घडी न घालतां अथवा एलझेडडब्ल्यूची घडी घालून, असें स्पष्ट सांगावें.)

टिफ घेतांना आठ बिट कीं सोळा बिट असा पोटप्रश्न येतो. आठ बिटांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, सोळा बिटांत ६५,५३६. जेपेगमध्यें बहुधा आठच. स्लाइड चांगली असेल तर आठ बिट पुरे. परंतु स्लाइड काळपट किंवा तांबूस झाली असेल, व पुढें संगणकावर तिचा रंग सुधारावयाचा असेल, तर सोळाच घ्यावे. कारण अंधारांतल्या थोड्या पायऱ्या ताणून उजेड केला म्हणजे आभाळांत पायऱ्यांचे पट्टे दिसूं लागतात, जसे चुन्याचा हात कमी पडला म्हणजे भिंतीवर कुंच्याचे दिसतात. सोळा बिटांची फाइल दुप्पट, सुमारें १२९ मेगाबाइट होते. दुकानदार जागेचें भय घालील. त्यास भिऊं नये. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशा साडेसात हजार फाइली मावतात. माझ्या वांचलेल्या एकशें सहा स्लाइडी सोळा बिटांत पावणेचौदा गिगाबाइटांत बसल्या. बियाण्याच्या कणगीस जागा लागते म्हणून कोणी बियाणें दळून खात नाहीं.

बाकीच्या प्रकारांविषयीं थोडक्यांत. पीएनजी १९९६ पासून आहे, आंकडा गाळीत नाहीं व सोळा बिटही चालतात. टिफ न मिळाल्यास तो खुशाल घ्यावा, फक्त स्कॅनरबरोबरच्या कांहीं साधनांत तो नसतो. जीआयएफमध्यें एका चित्रांत रंगच २५६. स्लाइडीस तो निरुपयोगी. पीडीएफ ही पेटी आहे, व दुकानदार तींत बहुधा जेपेगच भरून देतो. सातबाऱ्याचा कागद पाठविण्यास ठीक, चित्रास नव्हे. नव्या मोबाइलांतले एचईआयसी व वेबपी हे जागा वांचविण्याचे प्रकार असून दुकानांत ते कोणी उघडूं शकतो, कोणी नाहीं. चित्राची मूळ प्रत अशा ठिकाणीं अडकवूं नये. स्कॅनरनें मोजलेला कच्चा आंकडा जसाचा तसा ठेवणारेही कांहीं प्रकार आहेत. पण ते उघडण्यास त्या त्या साधनाची गरज पडते, व तें साधन वीस वर्षांनीं मिळेल याची हमी कोण घेणार?

एकदां टिफ हातीं आली म्हणजे त्या फाइलीस हात लावूं नये. तिच्यावरून जेपेग काढावी, व रंग सुधारणें, नातेवाइकांस पाठविणें, छापणें हें सर्व त्या नकलेवर करावें. नक्कल बिघडली तर दुसरी काढावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून धाडल्यास तो आणखी बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून धाडल्यास जसाचा तसा जातो, हेंही लक्षांत ठेवावें.

दुकानदाराची परीक्षा कशी करावी ? कांहीं दुकानांत हात राखून काम होतें : आधीं जेपेग काढतात व गिऱ्हाइकानें टिफ मागितली कीं त्याच जेपेगवरून टिफ करून देतात. फाइल ६४ मेगाबाइटची भरते, पण फाटक्या नकलेवरून कोऱ्या मुद्रांक कागदावर मजकूर उतरविला म्हणून अस्सल होत नाहीं, तशी ती. म्हणून सर्व डबा देण्यापूर्वीं एकच स्लाइड द्यावी. मिळालेली फाइल संगणकावर ठिपके दिसूं लागेपर्यंत मोठी करावी, व झाडाच्या शेंड्याभोवतालचें आभाळ पहावें. तेथें आठ आठ ठिपक्यांचे चौकोन, किंवा कडेला मळकट झालर दिसली, तर माल नकलेवरून आलेला आहे असें समजावें. फिल्मचे स्वतःचे बारीक, वेडेवांकडे दाणे दिसले तर काम अस्सलावरून झालें. रंगीत फिल्मवरची धूळ यंत्रानेंच काढण्याची सोय कांहीं स्कॅनरांत असते. ती चांगली, परंतु काळ्यापांढऱ्या फिल्मवर व कोडाक्रोमवर ती गोंधळते, सबब तेथें बंद ठेवण्यास सांगावें.

एवढें करूनही सर्व फाइली एकाच डिस्कवर व एकाच घरांत ठेवणें धोक्याचें. याचा दाखला आपल्याच जिल्ह्याचा आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतलीं चित्रें उतरवून घेण्याचें काम मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून वर्षानुवर्षें केलें; त्यांच्या तैलचित्रांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळालीं. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी पुन्हां कामास लागले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ सालीं लंडनमध्यें आगींत गेल्या. एक मेहनत दोनदां, आणि दोन्ही वेळां एका जागीं ठेविल्यामुळें नष्ट. त्यानंतर निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम यझदानी यांनीं कॅमेऱ्याच्या साह्यानें काढलेले अजिंठ्याचे खंड १९३० ते १९५५ या काळांत छापून निघाले, आणि छापील ग्रंथाच्या प्रती देशोदेशीं गेल्या. तेव्हां कोठें एका आगीनें सर्व जाण्याचें भय संपलें. भिंतीवरचें अस्सल लेण्यांत जागच्या जागीं होतें म्हणून दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा नक्कल काढतां आली, हेंही विसरूं नये. पाण्याखालीं गेलेल्या गांवाचें तसें नाहीं.

मीं आतां तीन प्रती ठेविल्या आहेत : एक छत्रपती संभाजीनगरांत घरीं, दुसरी गांवाकडे भावाच्या कपाटांत, तिसरी पुण्यास मुलीकडे. प्रत्येक स्लाइडीच्या चौकटीवर क्रमांक लिहिला आहे व तोच क्रमांक फाइलीस दिला आहे. फाइलीच्या नांवांत सर्व हकीकत कोंबण्यापेक्षां वेगळी वही बरी. तींत क्रमांक, ठिकाण, अंदाजें साल, माणसांचीं नांवें डावीकडून उजवीकडे, व नांव कोणी सांगितलें तें, असे रकाने आंखले आहेत. शेवटचा रकाना अनुभवानें घातला. ओळख पटविणारीं माणसें वर्षागणिक कमी होत आहेत, म्हणून स्कॅन होण्याची वाट न पाहतां वही आधीं लिहावी.

स्लाइडी टाकून दिलेल्या नाहींत. कोरड्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, माळ्यावर न ठेवतां खालच्या कपाटांत ठेविल्या आहेत. आणखी दहा वर्षांनीं याहून चांगला स्कॅनर निघाल्यास त्या पुन्हां कामीं येतील. दिवाळीच्या झाडलोटीच्या वेळीं डब्यांतल्या पुड्या बदलतों आणि तिन्ही डिस्का मागवून प्रत्येकींतल्या दहा फाइली उघडून वहीशीं रुजवात घेतों. गेल्या खेपेस पुण्याची डिस्क लागली नाहीं. दुसरी आणून गांवच्या प्रतीवरून भरून दिली.

त्या बाईंस मीं चार चौकोनांचें तें चित्र कागदावर छापून दिलें. त्यांनीं तें नेलें. त्यांच्या वडिलांच्या उजव्या हाताला उभा असलेला गडी मात्र दुसऱ्या एका स्लाइडींत आहे, व ती स्लाइड वांचली आहे. त्याचे नातू बिडकीन भागांत शेती करितात असें कळतें.